चौथा शुक्रवार

आमचा कारखाना आंग मो किओच्या औद्योगिक वसाहतीत, एका पाच मजली इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आहे. दवाखान्यातल्या यंत्रांना लागणारे छोटे धातूचे भाग आम्ही करतो. माणसं बावीस. मी तिथे प्रॉडक्शन मॅनेजर आहे. नाव प्रसन्न, मूळ साताऱ्याचा, शिक्षण पुण्यात, सिंगापूरमध्ये अकरा वर्षं झाली. मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही ही आधी कामाची सवय होती, आता स्वभाव झालाय. म्हणून जे घडलं ते तारखांसकट सांगतो.

३ जुलै २०२३, सोमवार. त्या दिवशी मैत्रेयी आमच्याकडे कामाला आली. वय वीस, पुण्याची, फ्रान्समधल्या एका नामांकित इंजिनिअरिंग संस्थेत पहिल्या वर्षाला. संस्थेचं नाव देत नाही. पहिल्या वर्षाच्या उन्हाळ्यात तिथल्या प्रत्येक विद्यार्थ्याला चार आठवडे कुठल्यातरी कारखान्यात साधा कामगार म्हणून राबावं लागतं. इंजिनिअर म्हणून नाही, कामगार म्हणून. वरच्याने सांगायचं आणि याने करायचं. हा महिना पुरा झाला नाही तर वर्ष वाया.

एकदा जेवताना तिने यामागची हकीकत सांगितली. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी त्या गावात नदीवरचा पूल बांधकाम चालू असतानाच कोसळला आणि एकतीस मजूर गेले. पुलाचा नकाशा काढणारा साहेब त्या जागेवर एकदाही आलेला नव्हता. चौकशी समितीतल्या एका गणितज्ञाने मग ही संस्था काढली आणि पहिला नियम हाच केला, की ज्याने महिनाभर दुसऱ्याच्या हाताखाली ओझं उचललं नाही त्याने नकाशाला हात लावायचा नाही. बाकी सगळं बदललं. आता प्रवेशाआधी दोन वर्षं फक्त गणित आणि भौतिकशास्त्र, मग लेखी परीक्षा, मग फळ्यापाशी उभं राहून तोंडी. नंतरची तीन वर्षं, त्यात संशोधन, शेवटी हवं तर परदेशी विद्यापीठात जोडपदवी. सिंगापूरशीही तसा करार झालेला. पण तो महिना काही बदलला नाही. आमच्या वर्गाला आणि पहिल्या तुकडीला जोडणारी तेवढीच एक गोष्ट आहे, असं ती म्हणाली.

पोर कामाला चांगली होती. आमचे सगळ्यात जुने फिटर अंकल लिम, वय त्रेसष्ट. त्यांनी तिला पहिल्याच दिवशी पोलादाचा ओबडधोबड ठोकळा दिला. चाळीस मिलिमीटरचा चौकोनी घन करायचा, यंत्राशिवाय, फक्त कानशीने. चौथ्या दिवशी तिच्या तळव्यांना फोड आले. तिसऱ्या आठवड्यात ठोकळा झाला. तिने त्याच्या खाली ‘मै’ असं कोरलं आणि मला दिला. मी तो ड्रॉवरमध्ये ठेवला. कस्तुरीने, माझ्या बायकोने, दोनदा तिच्यासाठी थालीपिठाचा डबा पाठवला.

चौथ्या शुक्रवारी, २८ जुलैला, बारा वीसला ती माझ्या टेबलापाशी आली.

“सर, समोरून पोपिया आणते. तुम्हाला आणू?”

पोपिया म्हणजे इथली भाजी भरलेली मऊ पोळीची गुंडाळी. मी नको म्हटलं. ती जिन्याने गेली. लिफ्टसाठी ती कधी थांबत नसे.

दोन वाजले तरी ती आली नाही. फोन लावला तर हा नंबर अस्तित्वात नाही असं उत्तर. मी खाली उतरून समोरच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांमध्ये गेलो. पोपियावाल्या बाईंनी नकारार्थी मान हलवली. मग लिटिल इंडियातल्या तिच्या हॉस्टेलवर गेलो. तिथल्या रजिस्टरमध्ये तिचं नाव नव्हतं. पोलिसांत तक्रार दिली, संस्थेला ईमेल केला. घरी आलो तेव्हा कस्तुरीने नुसतं तोंडाकडे बघून पाणी आणून दिलं.

शनिवारी पोलिसांचा फोन आला. बोलणारा अधिकारी सभ्य होता. त्या नावाची, त्या वयाची कुणी मुलगी जुलै महिन्यात देशात आल्याची नोंदच नाही, असं त्याने सांगितलं. मी पुन्हा स्पेलिंग दिलं. त्याने पुन्हा पाहिलं.

सोमवारी सकाळी पावणेनऊला गेटवरून फोन आला. नवीन ट्रेनी आलीय म्हणे.

मी खाली गेलो. मैत्रेयी उभी होती. पाठीवर तीच करडी सॅक, हातात संस्थेचं पत्र.

राग आला की हायसं वाटलं, ते आता नेमकं सांगता येत नाही. मी तिला विचारलं, कुठे होतीस तू? ती माझ्याकडे अनोळखी माणसाकडे पाहावं तशी पाहत राहिली. मग पत्र पुढे केलं. त्यावर तारीख होती, ३१ जुलै ते २५ ऑगस्ट. मी हात पुढे केला तेव्हा तिचे तळवे दिसले. मऊ होते, फोड नव्हते, घट्टे नव्हते.

वर आल्यावर अंकल लिमनी विचारलं, नवी मुलगी का, आणि एक ओबडधोबड ठोकळा शोधायला गेले. जुलैच्या हजेरीत तिची ओळ नव्हती. जूनमध्ये संस्थेकडून आलेला ईमेल मी उघडला. त्यातही ३१ जुलैच होतं. माझ्या शुक्रवारच्या ईमेलला नम्र उत्तर आलेलं होतं, की काही गैरसमज झालेला दिसतो, आमची विद्यार्थिनी आज रुजू होत आहे.

माणूस अशा वेळी स्वतःवर संशय घेतो. मीही घेतला. पण ड्रॉवरमध्ये ठोकळा होता. आणि संध्याकाळी मी कस्तुरीला सहज विचारल्यासारखं विचारलं, तर ती म्हणाली, “अरे, दोनदा डबा दिला की तिला. डबे परत आणलेस ना तू?”

त्या सोमवारचा सगळा दिवस ३ जुलैसारखाच गेला होता. अकरा वाजता, यंत्र बंद असताना, ती म्हणाली होती, “सर, तुम्ही पुण्याचे का? बोलण्यावरून वाटलं.” जुलैत हाच प्रश्न, हीच जागा. तेव्हा मी साताऱ्याचा असं सांगितलं होतं. आता मुद्दाम म्हटलं, “नाही, नागपूरचा.”

ती हसली. “साताऱ्याचे म्हणजे पुणेकरांपेक्षा कडक असणार.”

माझ्या हातातला कागद हातातच राहिला. मी नागपूर म्हणालो होतो. अंकल लिम शेजारीच होते, पण त्यांना मराठी येत नाही.

त्यानंतरचा प्रत्येक दिवस तसाच. चौथ्या दिवशी फोड. पुलाची गोष्ट त्याच टेबलावर, त्याच शब्दांत, एकतीस मजूर. मध्येच मी वेगळं काही विचारलं तरी ती जुन्या प्रश्नाचं उत्तर देई, आणि देताना नजर टेबलावर ठेवी. तिसऱ्या आठवड्यात दुसरा ठोकळा तयार झाला. खाली ‘मै’.

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी दोन्ही ठोकळे मोजमाप यंत्रावर ठेवले. हाताने घासलेल्या दोन वस्तू सारख्या नसतात. एकाच माणसाने केल्या तरी नसतात. हात थकतो, कानस झिजते, दिवस वेगळा असतो. मी सहा बाजूंवर प्रत्येकी पंचवीस बिंदू मोजले. दोन्ही ठोकळ्यांचे दीडशे आकडे तंतोतंत जुळले. यंत्र तपासून पुन्हा मोजले.

आकडे तेच.

मग माझं लक्ष एकाच गोष्टीवर राहिलं. चौथा शुक्रवार. २५ ऑगस्ट. तिचं काय झालं होतं ते मला माहीत नव्हतं, पण कधी झालं ते माहीत होतं.

त्या दिवशी मी बारापासून तिच्या बाकाजवळ उभा राहिलो. बारा वीसला ती कानस ठेवून माझ्याकडे आली. पोपियाचं वाक्य बोलली. मी म्हटलं, चल, मीही येतो.

हे वाक्य जुलैत नव्हतं. तिने नुसती मान डोलावली.

आम्ही जिन्याने उतरलो. मी एक पायरी मागे. रस्ता ओलांडताना तिने माझ्या शर्टाची बाही धरली. मला वाटलं, पोर घाबरलीय. हॉकर सेंटरमध्ये मी तिच्या समोर बसलो आणि तिच्यावरून नजर काढली नाही. तीही माझ्यावरून काढत नव्हती. दोघांच्या पोपिया तशाच गार झाल्या. एकदा मी हात धुवायला उठलो तर तीही उठून नळापर्यंत आली.

एक पाचला आम्ही वर आलो. काही झालं नाही.

संध्याकाळी मी तिच्या मूल्यांकनावर सही केली आणि तिला स्टेशनपर्यंत सोडायला गेलो. स्टेशनच्या गेटपाशी ती वळली. जुलैत ही संध्याकाळ आलीच नव्हती, त्यामुळे ती आता जे बोलली ते नवीन होतं.

“सर, सोमवारी तुम्ही असाल ना?”

सोमवारी ती स्वतः फ्रान्समध्ये असणार होती. मी म्हटलं, असणार, जाणार कुठे?

“मग बरं,” ती म्हणाली, आणि आत गेली.

सोमवारी गेटवरून फोन आला नाही. पुढच्याही नाही. हळूहळू मी पावणेनऊला फोनकडे बघायचं सोडलं.

नोव्हेंबरात संस्थेकडून एक लिफाफा आला. विद्यार्थी त्या महिन्याचा अहवाल लिहितात आणि त्याची एक प्रत कारखान्याला पाठवतात, असं सोबतच्या पत्रात होतं. तिचा अहवाल बावीस पानी, फ्रेंचमध्ये. शनिवारी दुपारी बुकित बातोकच्या घरी मी तो उघडला. कस्तुरी आत कपड्यांच्या घड्या घालत होती. फोनचा कॅमेरा एकेका परिच्छेदावर धरून मी भाषांतर वाचत गेलो.

मुखपृष्ठावर तारखा होत्या. ३ जुलै ते २५ ऑगस्ट.

आठ आठवडे.

सुरुवातीला कारखान्याची माहिती, अंकल लिम, कानस धरायची पद्धत. सगळं बरोबर. मी होतो, साताऱ्याचा, पुणेकरांपेक्षा कडक.

एकोणिसाव्या पानावर मी कॅमेरा तीनदा धरला.

‘चौथ्या शुक्रवारी दुपारी मी पोपिया घेऊन परत आले, तेव्हा माझे वरिष्ठ जागेवर नव्हते. ते परत आलेच नाहीत. त्यांचा फोन लागत नव्हता. कारखान्यात विचारलं, तर या नावाचं कुणी इथे नाही, असं मला सांगण्यात आलं. सोमवारी उठले तर तळव्यांवरचे घट्टे नव्हते आणि पत्रावर नवी तारीख होती.’

‘सोमवारी ते गेटवर मला घ्यायला आले. तोच चेहरा, तोच आवाज. तू कुठे होतीस, असं त्यांनी मलाच विचारलं.’

‘मी त्यांना काही सांगितलं नाही. महिनाभर तेच बोलले, त्याच जागी उभी राहिले. ते वेगळं बोलायचे, तरी मी तेच बोलले. मी एक शब्द बदलला तर हेही जातील, अशी मला भीती होती.’

आतून कस्तुरीने विचारलं, काय लिहिलंय रे बाईने एवढं? मी म्हटलं, कामाबद्दल आहे.

शेवटच्या पानावर आभार होते. अंकल लिमचे, थालीपिठांबद्दल कस्तुरीचे, माझे. त्याखाली, सहीच्या वर, एक ओळ मराठीत होती. तिला कॅमेऱ्याची गरज नव्हती.

‘पहिल्या सरांच्या घरी कुणी कळवलं का, ते विचारायचं माझ्याकडून राहून गेलं.’