घळीत घेतलेलं नाव

भागीरथाबाईंनी एकोणचाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचं नाव एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. रेशनकार्डाच्या बाबूनं विचारलं तरी त्या शेजारणीला पुढे करायच्या. विठ्ठलाचं नाव मात्र अष्टौप्रहर ओठांवर. पोलाद कारखान्याच्या त्या वसाहतीत कॅम्प-वनमध्ये कीर्तन असलं की सेक्टर सहाहून सर्वांआधी पोचणार त्याच.

"देवाले हजारदा हाक मारतं, मले एकदा तरी मार," कारखान्यात फर्नेसवर जन्म काढलेले बळीराम चिडवायचे.

त्या डिसेंबरात बस्तरला जाताना मुलानं, शुभमनं, कांकेरच्या पुढे गाडी थांबवली. नदीच्या घळीतून चांगली पायवाट होती. दोन्ही अंगांना काळे कातळ, खाली हिरवं, संथ पाणी, उन्हात तापलेल्या शेवाळाचा वास. शुभम आणि सून उन्नती पुढे फोटो काढत, भागीरथाबाई मध्ये अभंग गुणगुणत, बळीराम सगळ्यांच्या मागे.

एका वळणावर बळीराम धापा टाकत आले, पण तोंडभर हसत.

"घेतलं बाप्पा एकदाचं."

"काय घेतलं?"

"माहं नाव. 'बळीराम, या ना' म्हणून बलावलं ना तू."

भागीरथाबाईंची कानशिलं तापली. "मी? फर्नेसनं तुमचे कान खाल्ले. मी अभंग म्हणून राहिली होती."

"मम्मी, हमने भी सुना," उन्नती म्हणाली. "आवाज तर तुमचाच होता."

"त्यात लाजाचं काय?" शुभमनं भर घातली.

चोरीचा आळ आला असता तरी इतकं लागलं नसतं. व्रतासारखा पाळलेला नेम, आणि घरच्यांनीच तो मोडल्याची साक्ष द्यावी?

"मेली तरी मी ह्यायचं नाव घ्याची नाही," त्या बळीरामांकडे न बघता कडाडल्या. "कोनी घेतलं, तर ते मी नोहे समजा."

त्या तरातरा निघाल्या. मुलं समजूत घालत मागोमाग. बळीराम मागेच राहिले.

पुढच्या वळणावर भागीरथाबाईंनी स्वतः तशी हाक ऐकली. मागून आली, पाण्यापलीकडच्या कातळाकडून.

"अहो, ऐकता का?"

आवाज त्यांचाच. शेवटचा 'का' किंचित लांबवण्याची सवयही त्यांचीच. उन्नती त्यांच्या मिटलेल्या ओठांकडे पाहत होती. तिचं हसू गेलं होतं.

भीती नंतर आली. आधी आला संताप. कोण ही निर्लज्ज?

त्या मागे धावल्या. बळीराम चपला काठावर ठेवून कमरेइतक्या पाण्यात उतरले होते. त्यांना पोहता येत नव्हतं. पलीकडे सरळ उभा कातळ, दुसरं काही नाही.

"अहो, मी इकडं हाओ," त्या ओरडल्या.

"अहो, मी इकडं हाओ," पलीकडूनही आलं. मागाहून नव्हे, बरोबरच.

बळीराम थांबले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं.

"बाबा," शुभमनं हाक दिली आणि तो निसरड्या दगडांवरून खाली उतरू लागला. पलीकडून शुभमच्याच आवाजात हाक आली.

भागीरथाबाईंनी डोळे मिटले. विठ्ठलाची क्षमा मागितली.

"बळीराम," त्या म्हणाल्या. "बळीराम, मागं फिरा."

पलीकडे शांतता.

बळीरामांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. परक्या बाईकडे पाहावं तसं, अदबीनं.

"नाही बाई," ते म्हणाले. "माही बायको नाव घेत नाही. आताच रागावली ते त्याच्यापायी."

मग कातळाकडे तोंड करून, पाणी हातानं सारत, ते लगबगीनं निघाले. "आलो, आलो."

"सावकाश या," कातळाकडून भागीरथाबाईंचा आवाज म्हणाला.