चिटपाखरूही नसलेलं गाव

"कुणकेश्वर!" विश्वेश ओरडला. "दारातून उडी मारली की समुद्र!"

"आणि समुद्रात उडी मारली की बाकीचे चारशे पर्यटक," श्रिया म्हणाली. "नको!"

शनिवार-रविवारच्या सहलीसाठी कोकणातलं घर निवडायचं काम मोठ्यांनी मुलांवर सोपवलं होतं. यामुळे मुलांना जबाबदारी कळते, असं बाबांचं मत होतं. यामुळे बाबांना दुपारची झोप मिळते, असं आईचं मत होतं. आठवीतली श्रिया आणि सहावीतला तिचा चुलतभाऊ विश्वेश कोल्हापुरातल्या घरी मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते. वेंगुर्ल्याचं घर विश्वेशनं बाद केलं होतं. तिथल्या फोटोत सुंदर झोपाळा होता आणि त्यावर 'कृपया बसू नये' अशी पाटी होती.

श्रियाचा जीव मात्र तिसऱ्या घरावर जडला होता. मालवणजवळचं आंबेखोल गाव, कौलारू घर, मागे झुळझुळता व्हाळ, म्हणजे ओढा. खाली लिहिलं होतं, 'संपूर्ण शांतता'. अडचण एकच होती. नेमक्या त्याच शनिवार-रविवारी घर बंद दाखवत होतं. पुढच्या सगळ्या तारखा मोकळ्या!

"म्हणजे कुणकेश्वर!" विश्वेश म्हणाला.

श्रियानं सरळ घराच्या व्यवस्थापकाला फोन लावला. त्याचं नाव सुदेश.

"नाय गो बाय, त्या दिवसांत जमाचा नाय," सुदेश म्हणाला.

"काका, प्लीज! आम्ही अजिबात आवाज करणार नाही!"

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग हळूच प्रश्न आला, "अजिबात?"

"अजिबात!"

"मगे येवा. पण काळोख पडल्यावर येवा."

बाबांनी झोपेतूनच विचारलं, "गर्दी नसेल ना?"

"गर्दी? चिटपाखरू नसतला!" सुदेश म्हणाला. त्या फोनवर तो जे जे बोलला, त्यातलं एवढंच अगदी शंभर टक्के खरं होतं.

शुक्रवारी काळोख पडल्यावर तो त्यांना डांबरी रस्त्याच्या फाट्यावर भेटला. चावी दिली, गाडी गवताच्या उडवीमागे लावायला सांगितली, अंगणातला दिवा लावू नका म्हणाला आणि आपण चोरीचा नारळ दिल्यासारखा पळाला.

"माणूस विचित्र आहे," आई म्हणाली.

"साधा आहे," बाबा म्हणाले. बाबांना त्रास न देणारी सगळीच माणसं साधी वाटत.

सकाळी कळलं की दूध आणायचं राहिलं आहे. चहा मिळाला नाही तर बाबा काहीच बोलत नाहीत, म्हणजे परिस्थिती गंभीर होती. मुलं किटली घेऊन निघाली.

पहिलं घर बंद. दुसरं बंद. किराणा दुकानाची फळी लावलेली. गोठ्यांत गुरं नाहीत. एवढ्या सकाळी एकही कोंबडा आरवला नाही, एक कुत्रं अंगावर आलं नाही.

"सगळे लग्नाला गेले असतील," श्रिया म्हणाली.

"कुत्रे पण? कुत्र्यांना कोण पत्रिका देतं?" विश्वेशनं गोठ्यात डोकावून पाहिलं. "आणि म्हशीसुद्धा! ताई, म्हैस आहेर काय करणार?"

श्रियाला हसू आलं नाही. तिला तिच्या आवडीची संपूर्ण शांतता मिळाली होती आणि ती कानात बोळा कोंबल्यासारखी वाटत होती.

तेवढ्यात वाऱ्याबरोबर कोंबड्याची बांग आली. दूर, व्हाळाकडून! दोघं धावत सुटले, बांधाची झुडपं बाजूला केली आणि थबकलेच!

व्हाळाच्या पलीकडे माळावर झावळ्यांच्या राहुट्याच राहुट्या! चुली पेटलेल्या, म्हशी रवंथ करताहेत, झाकलेल्या टोपल्यांतून कोंबड्या भांडताहेत, पोरं क्रिकेट खेळताहेत आणि सगळे कुत्रे क्षेत्ररक्षणाला!

"आपण सहलीला गावात आलो," विश्वेश हळूच म्हणाला, "आणि गाव सहलीला गेलंय!"

पलीकडच्या काठावर त्यांच्याच वयाची एक मुलगी कळशी भरत होती. तिनं वर पाहिलं आणि कळशी तिच्या हातातून सुटली.

"तुमी गावातसून इलात?"

"हो. दूध मिळेल का?" विश्वेशनं किटली वर केली.

"दूध? अरे, गावपळण आसा! गावात कोणाक रवाचा नसता!"

तिचं नाव प्रिन्सी. आधी ती त्यांना काठावरून पाण्यात उतरायला लावून आपल्या बाजूला घेऊन आली, मगच पुढचं बोलली. तीन-चार वर्षांनी एकदा देवाचा कौल झाला की आख्खा गाव तीन दिवस वेशीबाहेर जातो. माणसं, गुरं, कोंबडी, कुत्रे, सगळे. "आमी ख्रिस्तांव, पण आमी पण येतो. तीन दिवस गाव एकट्या देवाचा."

"आणि चोर आले तर?"

"चोर कसे येतले? घरात देव आसा ना!"

"काल रात्री आम्ही होतो," विश्वेश म्हणाला. "बाबा घोरत होते."

प्रिन्सी हसली नाही. तिनं एका राहुटीकडे बोट केलं. तिथे एक म्हातारे आजोबा बसले होते. "ते धोंडू आजोबा. वेशीवर देवाक हात जोडून गाऱ्हाणा तेच घालतत, सगळ्या गावाच्या वतीन. 'घर न् घर रिकामा झाला, महाराजा,' असो शब्द दिल्यानी परवा. तुमी खंयच्या घरात उतरलात?"

श्रियानं घराचं वर्णन केलं, चावी सुदेशनं दिल्याचंही सांगितलं. प्रिन्सीचा चेहरा पडला.

"ता त्यांचाच घर. सुदेश त्यांचो पुतण्यो."

श्रियाला सगळं आठवलं. घर बंद होतं. तारखा बंद होत्या. नाही म्हणून सांगितलंही होतं. तिनंच फोन लावून ते उघडायला लावलं होतं.

"ताई," विश्वेश कुजबुजला, "आपण गुपचूप गाडीत बसून निघून जाऊ. कुणाला कळणार?"

श्रियानं आजोबांकडे पाहिलं. ते एका कुत्र्याला पेज पाजत होते. सगळ्या गावापुढे दिलेला त्यांचा शब्द तिच्या हट्टानं खोटा झाला होता, आणि ते त्यांना माहीतसुद्धा नव्हतं.

"आपल्याला कळेल ना," ती म्हणाली आणि चालू लागली.

पण राहुटीपाशी सुदेश आधीच हजर! किटली घेतलेली पोरं बघताच तो पांढराफटक पडला. मग जोरात हसला. "काका, हे पर्यटक. आताच रस्त्यान इले. वाट चुकलेत बिचारे!"

"नाही, आम्ही काल रात्री..." श्रियानं सुरुवात केली.

"पोरीक ऊन लागला!" सुदेश ओरडला. माणसं जमू लागली. आता कोणाचं खरं मानायचं, हे कुणालाच कळेना.

तेव्हा विश्वेशनं अतिशय निरागस चेहरा केला. तो चेहरा त्यानं शाळेतल्या मोठ्या प्रसंगांसाठी राखून ठेवलेला होता.

"सुदेशकाका, एक विचारायचं होतं. न्हाणीघरातला बंब आम्ही पेटवलाय. आता नुसता धूर येतोय. विझवायचा कसा?"

"बंब पेटवलात?" सुदेश किंचाळला. "धूर दिसतलो मरे! दिवो सुदिक लावू नको म्हणान सांगललंय ना तुमका!"

सगळा माळ सुदेशकडे वळला. सुदेशनं तोंडावर हात ठेवला, पण उशीर झाला होता.

"पेटवला नाहीये," विश्वेश म्हणाला. "आम्हाला येतच नाही."

कुणीतरी हसलं. धोंडू आजोबा उभे राहिले. ते सुदेशला मारतील, आपल्याला हाकलतील, असं श्रियाला वाटलं. तिला ते चाललं असतं. आजोबांनी फक्त डोक्यावरचं मुंडासं काढलं आणि हातात धरलं.

"माझो शब्द खोटो पडलो," ते म्हणाले.

"आजोबा, सुदेशकाका नाहीच म्हणत होते!" श्रियाला रडू फुटलं. "मीच हट्ट केला. कारण विचारलंच नाही. मला वाटलं, घर बंद आहे म्हणजे ते आपल्यासाठी उघडायचं असतं."

सुदेशच्या फोनवरून आईबाबांना बोलावलं. दात घासायचा ब्रश तसाच हातात घेऊन बाबा व्हाळ ओलांडून आले. सगळी हकिकत ऐकल्यावर आई त्यांना एवढंच म्हणाली, "साधा माणूस?" बाबांनी ब्रश खिशात घातला.

मग मानकऱ्यांनी देवाला कौल लावला. निर्णय झाला, तीन दिवस आजपासून पुन्हा मोजायचे. म्हाताऱ्याकोताऱ्यांनी, तान्ह्या पोरांनी पुन्हा उघड्यावर राहायचं. कुणी श्रियाला वाकडा शब्द बोललं नाही. प्रिन्सीच्या आईनं तर बाबांना चहा दिला. श्रियालाही दिला, पण तिनं पेला तसाच खाली ठेवला.

उन्हं कलताना सगळे वेशीवर जमले. गाऱ्हाणं घालायला माणसं धोंडू आजोबांकडे बघू लागली, पण ते पुढे झाले नाहीत.

"दत्तप्रसाद, तू घाल," ते एका तरुणाला म्हणाले. "माझ्या तोंडान आता नको."

"काका, चूक तुमची नाय!" दत्तप्रसाद म्हणाला. बाकीच्यांनीही परोपरीनं विनवलं. आजोबांनी नकारार्थी मान हलवली आणि ते सगळ्यांच्या मागे, मुलांच्या रांगेत येऊन उभे राहिले. श्रियाच्या अगदी शेजारी.

"तुझा नाव काय गो?"

"श्रिया."

"श्रिया, गुपचूप जावक येय होता तुमका. तू सांगलंस. माझ्या पुतण्याक जमला नाय, ता तुका जमला." मग त्यांनी विश्वेशच्या डोक्यावर टपली मारली. "आणि ह्यो बंबवालो तर वकील होतलो!"

शाबासकी होती. श्रियाला मात्र ती परत देऊन त्यांना पुढच्या जागी उभं करता आलं असतं, तर हवं होतं.

पुढे दत्तप्रसादनं हात जोडले. "बा देवा महाराजा! आज ही तुझी लेकरा पुन्हा वेशीभायर उभी आसत. अजाणतेपणी चूक झाली, ती पोटात घाल रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" सगळा गाव गरजला. शेजारून आजोबांचाही आवाज आला, इतरांच्यात मिसळलेला.

श्रियाच्या तोंडून शब्द फुटला नाही.

"परक्या पोरांचो राग धरू नको, त्यांका सुखरूप घराक पोचव रे महाराजा!"

"व्हय महाराजा," या वेळी श्रियाही म्हणाली.