अकरावी बाटली

मार्चचा भुरभुर पाऊस पडत होता. तिबिलिसीत कुरा नदीच्या काठावर, जिथं शहराचं सांडपाणी नदीत पडतं, तिथं कठड्यावर ओणवी होऊन नेस्तान दोरीला बांधलेली बाटली खाली सोडत होती. बाटली नेमकी एका सळईत अडकली. तिनं झटका दिला, दोरी ताणली… बाटली काही हलेना.

"अहो बाई, इथं मासे नाही लागत."

तिनं वळून पाहिलं. लोकरीची डोंगरी टोपी, काखेत कुबडी, मिशीतल्या मिशीत हसणारा एक उंच तरुण.

"मासे नकोत मला. पाणी हवंय."

"ते नळाला येतं की."

"घाण हवंय. जितकं घाण तितकं चांगलं."

"मग…" तो अगदी गंभीरपणे म्हणाला, "जागा झकास निवडलीत."

त्यानं कुबडी उलटी धरून खाली घातली आणि बाटली सोडवली. ती वर आली खरी, पण अर्धी त्याच्या बुटावर रिती झाली. त्यानं नाकसुद्धा मुरडलं नाही.

"आता एवढं काम केलंय तर मला एक सांगा. ती फाजवाली संस्था कुठंशी आहे?"

नेस्तानला हसू आवरेना. ती तिथंच तर कामाला होती!

या गोष्टीला आता चोवीस वर्षं झाली. पण पावसात भिजलेल्या दगडांचा आणि नदीचा तो मिसळलेला वास आला, की नेस्तानच्या ओठांवर अजून तेच हसू येतं.

त्याचं नाव इमेदा. वर तुशेतीच्या डोंगरात अबानो घाटातला बर्फ हटवणारा बुलडोझर तो चालवायचा. दोन वर्षांपूर्वी दुरुस्ती करताना लोखंडी पट्टा पोटरीवर घसरला, आणि तेव्हापासून जखम भरायचं नाव घेत नव्हती. औषधं झाली, इंजेक्शनं झाली. शेवटी डॉक्टरांनी तारीखच दिली. पंधरा मेला पाय गुडघ्याखाली कापायचा.

प्रयोगशाळेच्या प्रमुख एतेरी. त्यांना सगळे मावशीच म्हणत. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून जखम पाहिली.

"जंतूंनी नुसतं घर नाही केलेलं पोरा, वर छप्पर घातलंय. हा बुळबुळीत थर दिसतो ना? बायोफिल्म. खरवडला की दोन दिवसांत परत तयार. आतल्यांना औषध पोचतच नाही."

"मग?"

"मग छप्पर विरघळवून आत शिरणारा कुणीतरी हवा."

म्हणजे फाज. जंतूंना खाऊन जगणारा विषाणू. संस्थेत त्याच्या दहा जाती होत्या. नेस्ताननं दहाही वापरून पाहिल्या. इमेदाच्या जंतूंवर एकीचंही काही चाललं नाही.

"मालकासारखेच हट्टी दिसतात," ती म्हणाली.

"मालकाला हट्टी म्हणायला तुम्ही त्याला ओळखता कुठं?"

"ओळखीन की. नवा फाज शोधायचाय. गटारंच गटारं हिंडायचीत. येता?"

आणि मग तीन आठवडे ती दोघं हिंडली. इस्पितळाच्या मागचा नाला, कातडी कमावणाऱ्यांची मोरी, गंधकाच्या हमामखान्यांचं सांडपाणी… बाटल्या तो उचलायचा, चिठ्ठ्या ती चिकटवायची. लोक नाक दाबून बाजूनं जात, आणि ही दोघं काठावर वाकून, कुठलं पाणी जास्त काळं यावर भांडत! 'अहो' कधी गळून पडलं, कुणालाच कळलं नाही.

एक गोष्ट मात्र नेस्तानच्या लक्षात आली होती. बागेत बाकावर बसायची वेळ आली, की इमेदा पार टोकाला बसायचा. वाऱ्याची दिशा बघून. एकदा ती तारखूनाच्या, म्हणजे हिरव्या गोड सरबताच्या, दोन बाटल्या घेऊन आली आणि सरळ त्याला खेटून बसली.

तो दचकला. "तिकडं बस ना… वास येतो. मला माहीत आहे."

"येतो."

त्याची मान खाली गेली.

"अरे, सकाळपासून मी काय काय हुंगलंय ते आठव," ती म्हणाली. "त्यात तू म्हणजे अत्तर!"

तो हसला. "दोन वर्षांत माझ्या शेजारी कुणी बसलं नव्हतं गं…" एवढंच म्हणाला, आणि पुढं पेय फारच गोड आहे की काय, असं काहीतरी पुटपुटला.

दहा बाटल्या वाया गेल्या. अकरावी होती मासळीबाजारामागच्या मोरीतली. इमेदाच्या जंतूंवर ते पाणी टाकून ठेवलेली काचेची बशी दुसऱ्या दिवशी सकाळी नेस्ताननं उजेडात धरली. जंतूंच्या दुधाळ सायीवर स्वच्छ, गोल, टाचणीच्या डोक्याएवढी भोकं पडली होती. चाळणीसारखी! ती बशी घेऊन जिना उतरत धावली.

"इमेदा! बघ, बघ ना!"

"ही… भोकं?"

"जिथं भोक, तिथं तुझे जंतू मेलेत!"

त्यानं बशीकडं पाहिलं, मग तिच्याकडं. आणि तिच्याकडंच पाहत राहिला.

मग दर दोन दिवसांनी मावशी तो थर खरवडायच्या. इमेदा दात आवळून तुशेतीची गाणी बेसूर म्हणायचा. लगेच नेस्तान फाजमध्ये भिजवलेली पट्टी आत ठेवायची, थराला पुन्हा जमायला उसंत मिळू नये म्हणून. आधी वास गेला. मग तळाशी गुलाबी मांस दिसलं, कडा सरकत सरकत जवळ आल्या. पंधरा मे आला आणि गेला.

नेस्तानला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण पट्टी बांधताना तिची बोटं रेंगाळू लागली…

जूनच्या सुरुवातीला मावशींनी अचानक येऊन ती पट्टी सोडली, पोटरीवरून अंगठा फिरवला, आणि चष्म्यावरून दोघांकडं पाहिलं.

"ही जखम दहा दिवसांपूर्वीच बुजलीय. नेस्तान, तू बांधतेस काय? आणि तू रे, बांधून घेतोस काय?"

नेस्तानचे कान तापले. इमेदा खिडकीबाहेर पाहू लागला. मावशी हसू दाबत निघून गेल्या.

"तुला माहीत होतं?" तिनं विचारलं.

"पाय माझाय."

"मग बोलला का नाहीस?"

"तू का नाही बोललीस?"

ती सुटलेली पट्टी गुंडाळू लागली. तो हळूच म्हणाला, "सोमवारी निघतोय. घाट उघडायचाय. ऑक्टोबरात बर्फ पडला की घाट बंद… मग मी खाली येतो. आलो तर… भेटशील? नाही म्हणजे, जखम नसताना?"

"ऑक्टोबर लांब आहे रे," ती म्हणाली आणि बाटल्या धुवायला वळली. तो जरा वेळ उभा राहिला, आणि गेला.

तीन आठवडे तिनं कसेबसे काढले. मग मावशींकडून तीन दिवसांची रजा घेतली आणि वर सामान नेणाऱ्या पहिल्या ट्रकमध्ये चढली. दोन्ही बाजूंना माणसाच्या दुप्पट उंच बर्फाच्या भिंती. पुढं वळणावर पिवळा बुलडोझर शेवटचा ढीग दरीत लोटत होता. नेस्ताननं खिडकीतून हात हलवला.

बुलडोझर जागच्या जागी थांबला. इंजिन बंद झालं. इमेदा उडी मारून उतरला, आणि बर्फाच्या चिखलातून दोन्ही पायांवर भराभरा चालत आला. मागच्या ट्रकवाल्यांनी भोंगे वाजवायला सुरुवात केली.

"इंजिन का बंद केलंस? रस्ता अडलाय सगळा!"

"तुझं ऐकू यावं म्हणून."

"मी कुठं काय बोललेय?"

"मग बोल ना…"

ती दार उघडून खाली उतरली, टाचा उंचावल्या, आणि बोलली. त्या भोंग्यांच्या गदारोळात ती काय बोलली ते ट्रकवाल्यांपैकी कुणालाही ऐकू गेलं नाही. पण त्यानं टोपी काढून हवेत उडवली, आणि ती दरीत कुठं पडली हे पाहायलासुद्धा दोघांपैकी कुणी वळलं नाही.