त्रिकोणाचं दुसरं टोक

या, असे जवळ सरकून बसा. देवाने कान दिलेत ते दुसऱ्याचं दुःख ऐकायलाही. आज एका बापाची गोष्ट सांगतो.

"माझ्या पोराला कुणी मारलं, तेवढं सांगा," मुकादम दारातूनच म्हणाला. "सगळे म्हणतात, दोरी त्यानेच चुकीची बांधली. सुनेला हे रोज ऐकावं लागतं."

दगड घडवण्याच्या कारखान्यात शिळा वर चढवताना दोरी तुटली होती. खाली मुकादमाचा एकुलता एक मुलगा होता.

खासगी तपास करणारे भावजी उठले. त्यांचा मेहुणा, भोळा जीव, चपला शोधत मागे धावला.

कारखान्यात शिळा अजून कुशीवरच पडली होती. तिच्या दोन्ही टोकांना कड्या होत्या. प्रत्येक कडीतून एकेक दोरी वरच्या आकड्याला गेलेली. भावजींनी तुटक्या दोरीचे तुकडे जुळवून शिळेच्या लांबीवर धरले. दोरी निम्म्याहून जराच पुढे पोचली.

"आखूड आहे. मग काय झालं?" मेहुण्याने विचारलं.

"लक्षात ठेव, एवढंच."

दोऱ्या देणारा कोठीवाला अंगावरच आला. "माझ्या नावाने खडे फोडू नका! हिच्या जोडीची दोरी टांगून दाखवतो. शिळेच्या पाऊण वजनाला टिकते. आणि इथे तर दोन होत्या!"

त्याने दाखवलं. दोरी टिकली.

"याचंच काम," मेहुणा कुजबुजला. "फार ओरडतो."

"ओरडणारे सगळे खुनी असते, तर तुझी बहीण केव्हाच आत गेली असती."

कारखान्याच्या इंजिनिअर बाईंचे डोळे सुजले होते. त्यांच्या कोनमापकाला ओळंबा होता. तो सरळ खाली लोंबला की काटा शून्यावर.

"दोऱ्या तीस अंशांवर ठेवा, असं मी म्हणाले होते मुकादमांना. देवाशपथ, तीसच."

"तीसच म्हणाल्या," मुकादमाने मान डोलवली. "आकडा किती उंच ठेवायचा, ते मीच ठरवलं. माझ्या मापाने पोराने दोऱ्या कापल्या." त्याने पिशवीतून लाकडी काटकोन त्रिकोण काढला. एक टोक तीसचं, दुसरं साठचं. तीसचं टोक हाताळून काळं पडलेलं. ते त्याने जमिनीला टेकवलं. "हे असं. वडील असंच मोजायचे."

भावजींनी वाकून ते टोक पाहिलं.

"मुकादम, घरी जा. चूक मुलाची नव्हती. एवढं पुरे."

"पुरे नाही. नाव सांगा."

"कुणीच खोटं बोललं नाही, हेच दुर्दैव. बाई तीस मोजतात ओळंब्यापासून. तुम्ही मोजता जमिनीपासून. ओळंब्यापासून तीस म्हणजे जमिनीपासून साठ. दोन्ही मिळून नव्वद. तीसचा कोसाइन तोच साठचा साइन. बाईंच्या हिशेबाने दोऱ्या शिळेइतक्या लांब हव्या होत्या, आणि ताण निम्म्या वजनाहून थोडाच जास्त आला असता. तुम्ही जमिनीपासून तीस धरलेत. तीसचा साइन अर्धा. एका दोरीच्या वाट्याला निम्मं वजन, त्याला अर्ध्याने भागा."

मेहुण्याने भागलं, आणि त्याचा आवाज चिरकला. "म्हणजे... एकेका दोरीवर अख्ख्या शिळेइतका ताण?"

"हो. जणू दुसरी दोरी नव्हतीच. आणि दोरी तर पाऊण वजनालाच टिकणारी."

इंजिनिअर बाई कोनमापकाकडे बघत म्हणाल्या, "कुठून मोजायचं, ते मी सांगायला हवं होतं..."

मुकादमाने हातातला त्रिकोण उलटा फिरवला. साठचं टोक कोरं होतं, नव्यासारखं.

"हे टेकवलं असतं तर?"

भावजी तुटक्या दोरीचे तुकडे गोळा करू लागले. मेहुण्याला वाटलं, आता तरी यांनी धडधडीत खोटं बोलावं.

"पोर म्हणालं होतं," मुकादम पुटपुटला, "'बाबा, दोऱ्या आखूड वाटतायत.' मी म्हटलं, 'बापाला शिकवतोस?' तर हसलं आणि शिळेखाली सरकलं."

त्रिकोण शिळेवर ठेवून तो वळला. "सुनेला मीच सांगतो."

मेहुणा त्याच्यामागे दारापर्यंत गेला. तो दिसेनासा झाल्यावर परत आला.

संध्याकाळी हात जोडाल तेव्हा आपल्या लेकरांसाठी मागाच. पण त्या मुलाचीही आठवण ठेवा. त्याला दिसलं होतं, आणि त्याने सांगितलंही होतं.