चौथ्या प्लगची वायर

गाडी मिसिंग मारत होती. म्हणजे इंजिन सुरू, पण चालताना लंगडत होतं: धड, धड, धड, आणि चौथ्याला काहीच नाही. असा आवाज ऐकला की धाकटीचा चेहराच खुलायचा. घरात सगळे तिला धाकटीच म्हणत. बाबा गेल्यापासून सहा महिने गॅरेज तीच उघडत होती, तीच झाडत होती आणि गाड्याही तीच बऱ्या करत होती. हे दादाच्या ध्यानात यायचं तेवढं बाकी होतं.

"दादा, फिल्टर साफ आहे. कार्बोरेटर खोलून फुंकलाय. पेट्रोल नीट येतंय, म्हणजे घोटाळा प्लगमध्ये. ऐकतोयस ना?"

"हं," दादा म्हणाला. तो शटरपाशी पाठमोरा उभा राहून फोनवर बोलत होता. "नाही हो, बुधवारी या ना किल्ली घ्यायला. जागा रिकामीच आहे. इथं कोण असणार? मीच आपला अधूनमधून येतो."

धाकटीच्या हातातला पाना थांबला. मग तिनं ठरवलं, बुधवार-बिधवार काही नाही. आज, आत्ता, याच्या नाकासमोर ही गाडी सरळ चालवून दाखवायची. मग बघू कुणाला किल्ली देतोय.

मेलेला सिलिंडर शोधायची रीत बाबांनी शिकवलेली. इंजिन चालू ठेवायचं, हातात रबरी मोजा चढवायचा आणि चार प्लगांच्या वायरी एकेक करून उपसायच्या. वायर काढल्यावर इंजिन अडखळलं तर तो सिलिंडर कामाचा. काढूनही काही फरक पडला नाही, तर तोच मेलेला.

पहिली काढली. इंजिन अडखळलं. समोर टेलरकाकांचं मशीनही नेमकं तेव्हाच थांबलं. वायर बसवली, मशीन सुरू. दोरा तुटला असेल, असं म्हणून ती पुढे सरकली.

दुसरी काढली. बाजूच्या नळावर मावशी कपडे आपटत होत्या, तो आवाज बंद. बसवली. थप्प.

तिनं दुसरी परत काढली आणि या वेळी मान वळवून पाहिलं. मावशींचे हात चादरीसकट डोक्यावर उगारलेले होते. चादरीच्या टोकाला साबणाचं पाणी लोंबत होतं. ते पडत नव्हतं.

बसवली. थप्प.

तिसरीला हात लावायची तिची छाती होईना. तरी लावला.

"पाण्याचं कनेक्शनही नी…" दादा म्हणाला आणि तोंड उघडं ठेवून तसाच राहिला. तिनं घाईघाईनं वायर दाबली. "…ट आहे," दादा म्हणाला.

मग चौथी.

काहीच झालं नाही. इंजिन होतं तसंच लंगडत राहिलं, मशीन चालू, कपडे चालू, दादा चालू. वायर तिच्या हातात होती आणि कुणाचं काही अडलं नव्हतं.

"दादा," ती म्हणाली.

त्यानं मान वळवली. तिच्या आरपार भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहून त्यानं बुधवारची तारीख फोनवर वाचून दाखवली.

प्लग बदलायचा तर इंजिन बंद करावं लागणार होतं. तिनं ते बंद केलं.

गल्ली गप्प झाली. मशीनवर टेलरकाकांचा पाय, हवेत मावशींची चादर, दादाच्या कानाला फोन. सगळं जागच्या जागी. हलत होती ती एकटी.

ती दादाच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली. "मी आहे की इथं," ती म्हणाली. तिचा आवाज समोरच्या भिंतीवर आपटून तिच्याकडेच परत आला.

परत येऊन तिनं चौथा प्लग खोलला. पेट्रोलनं ओलाचिंब. कधी पेटलाच नव्हता तो. तिनं नवा लावला, वायर घट्ट बसवली आणि स्टार्टर मारला.

धडधडधडधड. एकसलग.

मशीन सुरू झालं. चादर खाली आली. आणि धाकटीच्या छातीत काहीतरी पेटलं, ऊब थेट बोटांपर्यंत गेली.

दादा वळला. थेट तिच्याकडे पाहत राहिला.

"अगं, तू कधी आलीस?"

"सहा महिने झाले."

तो ओशाळून हसला. "हो की गं." मग फोनवर म्हणाला, "बुधवारचं राहू द्या हो. आमच्या घरचंच माणूस आहे गॅरेजला." आणि फोन खिशात टाकून बॉनेटपाशी आला. "काय सुरेख लागलंय. अगदी बाबांचाच हात आहे तुझा. आता गॅरेज तुझं, बाई. मी मध्ये पडत नाही."

हे ऐकायला ती सहा महिने थांबली होती. हसू तिच्या चेहऱ्यावर मावेना. त्यामुळे दादा गाडीच्या खिडकीतून आत किल्लीकडे वाकला हे तिला जरा उशिराच दिसलं.

"एकदा बंद करून परत मारून बघू," तो म्हणाला. "एका झटक्यात घेतंय का."

"दादा, बंद न…"

गरम लोखंड निवताना टिकटिकतं, तेवढा आवाज गॅरेजमध्ये राहिला. टिक. टिक. बऱ्याच वेळानं आणखी एक.

मग तोही नाही.