साक्षी तुकडा

आमच्या प्रयोगशाळेत नवीन माणूस आला की पहिला धडा मी देते. बशीवर नाव लिहायचं ते तळाला, झाकणावर नाही. झाकणं सगळी सारखीच. दोन काढून ठेवली की कुठलं कुणाचं ते कळत नाही. "झाकण फितूर असतं," असं मी म्हणते आणि सगळे हसतात.

आम्ही जखमेवर लावायचं जेल बनवतो. तळहाताएवढी पारदर्शक चकती, दहात नऊ भाग पाणी. औषध तिच्या जाळीत अडकून बसतं आणि जंतू वाढू लागले तरच सुटतं. प्रत्येक चकती मधोमध कापायची. अर्धी रुग्णाच्या जखमेवर जाते, अर्धी काचेच्या बशीत, सदतीस अंशांच्या उबपेटीत राहते. तिला आम्ही साक्षी म्हणतो. उद्या काही विपरीत घडलं तर मालात खोट नव्हती हे सांगायला कुणीतरी हवं. जखम भरली की साक्षी त्याच दिवशी वाफेच्या यंत्रात टाकून नष्ट करायची.

या खेपेला रुग्ण माझा दादा होता. पेशाने गवंडी. साखरेचा जुना आजार, त्यात टाचेत खिळा घुसला आणि त्याने नेहमीप्रमाणे चालढकल केली. टाच काळी पडली. सर्जन म्हणाले, गुरुवारपर्यंत फरक पडला नाही तर गुडघ्याखाली पाय काढावा लागेल. वहिनी तोंडात पदर कोंबून रडली.

दादा म्हणाला, "बरंय. अर्धीच शिडी चढेन, मजुरी मात्र पूर्ण घेईन."

मला हसू आलं नाही. मी जेल माझ्या हातांनी लावलं.

त्याची साक्षी मी रोज खालून उजेड पाडून बघायची, म्हणून तळ कोरा ठेवला आणि नाव झाकणावर लिहिलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

तिसऱ्या दिवशी साक्षीतलं औषध मोजलं. निम्मं संपलं होतं. बशीत एकही जंतू नव्हता. मी पुन्हा मोजलं. आकडा तोच आला.

पाचव्या दिवशी तळाकडून पाहिलं तर जेलवर बारीक रेषा उमटल्या होत्या. टाचेवरच्या भेगांसारख्या. वरून बघितलं की काही दिसायचं नाही.

गुरुवारी सर्जननी पट्टी सोडली. काळ्या कडेला गुलाबी मांस आलं होतं. पाय वाचला. मी जिन्यात बसून हमसाहमशी रडले.

दुसऱ्या दिवशी दादा म्हणाला, "काल दुपारी पाय बर्फासारखा गार पडला होता गं. तासभर."

काल दुपारी तासभर साक्षी बाहेर टेबलावर राहिली होती. मी त्याच्या पायावरची चादर नीट केली.

पण शास्त्र शिकलेला माणूस गप्प बसत नाही. सोमवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी मी साक्षीची कड चिमट्याने दाबली. लगेच वहिनीला फोन केला.

"अगं, आत्ता ओरडले ते!" ती म्हणाली. "टाचेला काहीतरी चावलं म्हणतात. चादर झटकली, काहीच नाही."

एकदा घडलं तर योगायोग, म्हणून बुधवारी पुन्हा दाबली. तिसऱ्यांदा माझा हात धजला नाही.

तीन आठवड्यांत जखम भरली. सर्जननी जेल काढायला चिमटा घेतला, पण काढायला काही उरलंच नव्हतं. ते कातडीत मुरलं होतं. वणसुद्धा नव्हता.

आता नियमाप्रमाणे साक्षी नष्ट करायची होती. आमच्या मॅडमना काय सांगणार? वेड्यातच काढलं असतं. मी तशाच मापाचं कोरं जेल दुसऱ्या बशीत घातलं आणि झाकणांची अदलाबदल केली. दादाच्या नावाचं झाकण कोऱ्या जेलवर. ती बशी वाफेत जाईल, खरी माझ्याजवळ राहील.

नेण्याआधी एकदा बघावं म्हणून दोन्ही झाकणं काढली. तेवढ्यात फोन वाजला. वहिनी होती.

"आज घरी सोडतायत! ये लवकर!"

मला आनंदाने काही सुचेना. झाकणं लावली, नावाची बशी वाफेच्या टोपलीत ठेवली, दुसरी गरम पाण्याच्या पिशवीसकट डब्यात घातली आणि पळाले.

दादा खाटेवर पाय पसरून बसला होता. "या डॉक्टरीणबाई! डब्यात काय, खाऊ?"

"तुझा पाय," मी म्हणाले. तो खो खो हसला.

खिडकीशी जाऊन मी बशी उजेडात धरली. खालून पाहिलं.

जेल स्वच्छ होतं. एकही रेष नव्हती.

माझे हात मला आठवले. फोन कानाशी, आणि हात झाकणं लावतायत. पंधरा वर्षांची सवय. ज्याचं नाव त्याच्यावर. हातांना खोटं बोलायची सवय नव्हती.

भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून तीन मिनिटं झाली होती. आमचे वाफेवरचे काका ठीक दोनला दार लावून यंत्र सुरू करतात. मी फोन लावला. वाजत राहिला. काका मोबाइल बाहेर कपाटात ठेवून आत जातात. तो नियमही माझाच.

मॅडमना लावला. वाजत राहिला.

"कुणाला लावतेस एवढं?" वहिनी म्हणाली. "बस ना जरा."

दादाने डोळे मिटून पाय ताणला.

"किती दिवसांनी पायाला छान ऊब येतेय," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "ते पांघरूण काढ गं जरा. गरम व्हायला लागलंय."

पायावर पांघरूण नव्हतं.