अर्ध्या घोड्याची नोंद

"अर्धा घोडा हरवलाय," बाई म्हणाल्या. "आणि संध्याकाळपर्यंत सापडला नाही, तर माझी नोकरी जाणार."

ताईंनी कपातली साखर ढवळत विचारलं, "कुठला अर्धा?"

"मागचा."

भावोजींना हा प्रश्न सुचलाच नसता. ते निवृत्त दंतवैद्य होते, आणि हल्ली मेहुणीच्या, म्हणजे ताईंच्या, तपासात सोबत करत. घरात पायात पायात येण्यापेक्षा हे बरं, असं त्यांच्या बायकोचं मत होतं. तीस वर्षं त्यांनी लोकांना तोंड उघडायला लावलं होतं, पण एकालाही बोलू दिलं नव्हतं. त्यामुळे साक्षीदारांशी बोलणं त्यांना अजून जड जाई.

बाई नाटकांचे पोशाख भाड्यानं देणाऱ्या दुकानात कामाला होत्या. अकराशे चाळीस वस्तूंची यादी कॉम्प्युटरवर सांभाळायची, हे त्यांचं काम. दुकानात सगळे त्यांना यादीबाई म्हणत.

"आज सकाळी एका नाटकमंडळीनं शनिवारसाठी घोडा मागितला. दोन माणसांचा असतो तो. यादीत पाहिलं, तर नुसता पुढचा भाग. रॅकवर पाहिलं, तरी नुसता पुढचा."

"दोन भागांच्या दोन नोंदी?"

"पुढचा एकटाही जातो ना. लहान नाटकात खिडकीतून डोकावतो. मागचा भाग एकटा कोण नेणार?"

भावोजींनी यावर प्रामाणिकपणे विचार केला. त्यांना कुणी आठवेना.

"मी शोधलं," यादीबाई पुढं सांगू लागल्या. "आमच्या यादीत नेहमी फक्त 'चालू' वस्तू दिसतात. फिल्टर बदलून 'बाद' वस्तू काढल्या. तिथे मागचा भाग होता, आणि त्याच्यासोबत आणखी एकोणपन्नास वस्तू. काल दुपारी एक वाजून बावीस मिनिटांनी, एका दमात पन्नास नोंदी चालूच्या बाद झालेल्या. बदल करणाऱ्याचं नाव लिहून येतं. माझं आलंय."

"आणि तुम्ही?"

"मागच्या अंगणात डबा खात होते. एकटीच. कॉम्प्युटर माझ्या नावानं उघडा ठेवून गेले, ती माझी चूक. पण घोडा मी नेलेला नाही. मालक म्हणतात, चोरी झाकायला तुम्हीच नोंद उडवली."

ताई उठल्या. "भावोजी, चपला घाला."

दुकान लांबट होतं आणि रॅक छतापर्यंत. राजे, भुतं आणि पोलीस एकाच दांडीवर गुण्यागोविंदानं लटकत होते. दारातच धाकटे मालक भेटले. चाळिशीचा गृहस्थ, पण चेहऱ्यावर कायम कुणीतरी रांग मोडल्याचा राग.

"चौकशी करा, पण बाबांना काही कळू देऊ नका," ते म्हणाले. "त्यांचा रक्तदाब वाढतो. विचारलं तर सांगा, पोशाख बघायला आलोय."

"बाकीच्या एकोणपन्नास वस्तू?" ताईंनी विचारलं.

"जागच्या जागी आहेत. अस्वल, दोन ढग, एक न्यायाधीश, सगळं मोजलं. फक्त घोडा नाही."

"त्या पन्नासांत सारखं काय आहे?"

"काही नाही. जुना पसारा. तसाही सोमवारी मी सगळ्यांना सांगितलंच होतं. पाच वर्षांत एकदाही बाहेर न गेलेल्या चालू वस्तूंची यादी काढायची, आणि पुढच्या आठवड्यात ते कापड कापून पुसणी करायची."

"आणि बाद वस्तू?"

"बाद म्हणजे दुकानातून आधीच गेलेल्या. त्यांचा काय संबंध?"

भावोजींनी वहीत लिहिलं: ढग दोन.

यादीबाईंच्या टेबलाशी ताईंनी यादी उघडायला लावली. एकाखाली एक ओळी, प्रत्येक ओळीच्या आधी छोटा चौकोन. चौकोनात टिचकी मारली की ती ओळ निवडली जाते. सगळ्यात वर, रकान्यांच्या नावांच्या रांगेतही तसाच एक चौकोन होता.

"एका पानावर किती ओळी?"

"पन्नास. पुढचं पान उघडलं की पुढच्या पन्नास."

"काल जेवून आलात, तेव्हा यादी कशी होती?"

यादीबाई आठवू लागल्या. "उलटसुलट. मी नावांप्रमाणे लावते. काल ती 'शेवटची कधी गेली' या तारखेप्रमाणे लागली होती, सगळ्यात जुनी तारीख वर. आणि अक्षरं ही एवढाली. पडद्यावर जेमतेम चार ओळी मावत होत्या. वाटलं, कुणाचा तरी हात लागला असेल. मी नीट केलं आणि विसरले."

"हे चालवता कुणाला येतं?"

"एखादी वस्तू शोधून तिची स्थिती बदलण्यापुरतं आमच्या शिंपी मास्तरांना आणि थोरल्या मालकांना मी शिकवलंय. इस्त्रीवाल्या मावशी नको म्हणाल्या. त्यांना माऊसची भीती वाटते."

टेबलामागच्या फळीवर जुन्या वह्या होत्या. ताईंनी एक उघडली. प्रत्येक पानाच्या माथ्यावर, कोपऱ्यात, बरोबरची खूण. दुसरी उघडली. तेच.

"शाळेतल्या बाई तपासत होत्या का या?" भावोजींनी विचारलं.

"ती पद्धत होती," यादीबाई म्हणाल्या. "मी यायच्या आधीची. पानात काही बदलायचं, तर आधी पानाच्या डोक्यावर खूण करायची. मग खाली लिहायचं."

मास्तर खिडकीपाशी एका राणीची बाही शिवत होते. साठी उलटलेली, पण सुईत दोरा पहिल्या फटक्यात गेला. चष्मा नव्हता.

"काल जेवणाच्या सुट्टीत?" ताईंनी विचारलं.

"झोपलो होतो. सिंहाच्या कातड्यावर. मऊ आहे."

"घोडा तुमच्या हातचा?"

"दोन्ही भाग. पुढच्यात मी स्वतः असायचो. अकरा वर्षं. मागच्यात कोण होतं, ते मात्र त्यालाच विचारा. माझं तोंड कायम दुसरीकडे होतं."

इस्त्रीवाल्या मावशींचा चष्मा बाटलीच्या बुडाएवढा जाड होता. भावोजींनी ताईंना कोपरानं ढोसलं.

"मावशी, तुम्ही इथं कधीपासून?" ताई म्हणाल्या.

"दोन वर्षं झाली. आले तेव्हापासून तो कॉम्प्युटरचा डबा तिथं आहे. त्याला मी हात लावत नाही, तो मला लावत नाही."

शेवटी थोरले मालक. ते आतल्या खोलीत आरामखुर्चीत बसले होते. खुर्चीवरच्या गादीला सोनेरी झालरीची चादर घातलेली. बैठक इतकी उंच की पाय जमिनीला जेमतेम टेकत. भावोजींना वाटलं, खुर्ची कुणी फार मोठ्या माणसासाठी केलेली असावी.

ताईंनी त्यांना आपलं कार्ड दिलं. थोरल्यांनी ते उलटं धरून नाकाशी नेलं, बराच वेळ न्याहाळलं आणि म्हणाले, "छान. कसला पोशाख हवाय?"

"घोडा बघत होतो," भावोजी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच ते वेळेवर बोलले होते.

"मिळणार नाही," थोरले म्हणाले, आणि खुर्चीचे हात घट्ट धरले.

ताईंनी सगळ्यांना त्याच खोलीत बोलावलं. धाकटे मालक दारात आडवे आले. "बाबांसमोर नको."

"त्यांच्याचसमोर," ताई म्हणाल्या. "घाबरू नका, हे दंतवैद्य आहेत."

कुणालाच त्यानं धीर आला नाही.

"पन्नास वस्तू एकदम बाद झाल्या," ताई सांगू लागल्या. "अस्वल, ढग, न्यायाधीश. कुणी निवडून काढल्या म्हणावं, तर त्यांत मेळ नाही. मेळ आकड्यात आहे. एका पानावर पन्नासच ओळी. म्हणजे कुणी पन्नास वस्तू निवडल्याच नाहीत. त्यानं एक पान निवडलं."

"वरचा चौकोन," यादीबाई पुटपुटल्या. "त्यावर टिचकी मारली की पानभर सगळ्या ओळी निवडल्या जातात."

"कुठलं पान? यादी जुन्या तारखेप्रमाणे लावलेली होती. म्हणून त्यात सगळा न खपणारा पसारा आला. या माणसाला एकच गोष्ट हवी होती, आणि ती पुसण्यांच्या यादीत सगळ्यात आधी जाणार, हे त्याला माहीत होतं. बाद केली की त्या यादीतून सुटली. चोरी नाही, सुटका होती ती. पन्नासांतली एकच वस्तू रॅकवर नाही, तीच ती."

"मग वरच्या चौकोनाला हात का लावायचा?" धाकटे म्हणाले.

"कारण पानात काही बदलायचं, तर आधी पानाच्या डोक्यावर खूण करायची. हा तुमच्या दुकानाचाच नियम. त्यानं इमानेइतबारे पाळला. मग पहिल्या ओळीकडे पाहिलं, तर तिथे खूण आपोआप आलेली. बरं झालं, म्हणाला असेल. अक्षरं इतकी मोठी केली होती की पानाच्या चारच ओळी दिसत होत्या. खालच्या सेहेचाळीस त्यानं पाहिल्याच नाहीत."

मास्तरांनी घसा खाकरला. "वह्यांचा नियम मलाही ठाऊक आहे."

"आहे. पण तुमची नजर सुईत पहिल्या फटक्यात दोरा घालते. तुम्हाला एवढाली अक्षरं कशाला? मावशींना लागतील, पण त्या वह्यांच्या काळात इथं नव्हत्या, आणि माऊस त्यांना चावतो. वह्यांची सवय असलेला, यादी थोडीफार शिकलेला आणि माझं कार्ड उलटं वाचणारा, असा एकच माणूस उरतो. साहेब, जरा उभे राहता?"

"नाही," थोरले म्हणाले.

"बाबा," धाकटे म्हणाले, "यादीबाईंवर चोरीचा आळ आलाय. आज त्यांना मी काढणार होतो."

थोरल्यांनी मुलाकडे पाहिलं, मग यादीबाईंकडे. ते ताडकन उठले. मावशींनी झालरीची चादर ओढली. खाली नीट घडी घालून, शेपटी आत मुडपून, घोड्याचा मागचा भाग बसला होता.

"मला कुणी सांगितलंच नाही," थोरले म्हणाले. "बाई, खरंच. मी तुमचं नाव कशाला घेऊ? मी तर आपलं गुपचूप..." ते थांबले. "अकरा वर्षं मी यात होतो. वाकून. हा पुढं टाळ्या घ्यायचा."

"तू मला ढकलायचास," मास्तर म्हणाले.

"तू थांबायचास."

"समोर खड्डा असायचा."

"मला काय दिसणार?"

भांडण निदान वीस वर्षं थांबलेलं असावं, आणि दोघंही ते मोठ्या चवीनं पुन्हा सुरू करत होते. शनिवारी घोडा नाटकमंडळींना द्यायचा आणि रविवारी थोरल्यांच्या खोलीत परत आणायचा, एवढं त्यातूनच ठरलं. पुसण्यांचा विषय कुणी काढला नाही.

धाकटे मालक मात्र यादीबाईंच्या टेबलाशी जाऊन उभे राहिले. बराच वेळ ते स्टेपलरकडे पाहत होते.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "आणि आणखी एक. सकाळी रागात मी कामगारांच्या यादीत तुमच्या नावापुढं 'माजी' करून टाकलंय. तेवढं बदलून घ्याल?"

"मी माजी आहे. मी कशी बदलणार?" यादीबाई म्हणाल्या. "बसा. तुम्हीच करा."

ते बसले. यादीबाई मागं उभ्या राहिल्या, हाताची घडी घालून.

"फिल्टर काढा. आता माझं नाव शोधा. नाही, वरचा चौकोन नाही. ओळीतला. हं. आता खाली किती ओळी निवडल्यात लिहून आलंय, ते मोठ्यानं वाचा."

"एक."

"कोण?"

धाकट्यांनी मान वाकवून वाचलं. त्यांनी नाव वाचलं, नावाच्या शेवटी 'बाई' जोडलं, आणि मगच 'चालू' दाबलं.

"उठा आता," यादीबाई म्हणाल्या. "मला काम आहे."